छत्तीस पूर्णांक चार

"किती दाखवता?" जगूआबांनी कुंपणाबाहेरून विचारलं.

"तेहतीस पूर्णांक दोन."

"आनी तुझ्या हातातला?"

"तेहतीस पूर्णांक दोन."

"मगे बरा आसा तिचा," ते म्हणाले. काखेत थर्मामीटर लावलेल्या पोरीबद्दल बोलावं तसे. मग टोपी काढून त्यांनी टाळूवरचा घाम पुसला.

मला मात्र बरं वाटत नव्हतं. हातातला तापमापक आदल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतून तपासून आला होता. तारेच्या कुंपणात उभं असलेलं हवामान यंत्र त्याच्याशी दशांशापर्यंत जुळत होतं. म्हणजे यंत्र बरोबर होतं. आणि यंत्र बरोबर असेल तर सुरंगवणे गावाला एक रुपयाही मिळणार नव्हता.

याला आता नऊ वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते. इस्लामपूरहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन कणकवलीत खोली करून राहत होते. देवगड आणि कणकवली तालुक्यांतली सोळा स्वयंचलित हवामान यंत्रं माझ्याकडे होती. दर महिन्याला प्रत्येक यंत्रापाशी जायचं, धूळ पुसायची, आकडे तपासायचे, फोटो काढायचा आणि फॉर्मवर सही करून यंत्रं चालवणाऱ्या आमच्या कंपनीला पाठवायचा.

आंब्याचा सरकारी विमा या यंत्रांवर चालायचा. बागेत किती फळ गळलं हे कोणी येऊन बघत नसे. त्या वर्षीच्या नियमात लिहिलं होतं की मार्चमध्ये सलग तीन दिवस कमाल तापमान सदतीस अंश किंवा त्याहून जास्त नोंदलं गेलं, तर त्या महसूल मंडळातल्या सगळ्या बागायतदारांना भरपाई. छत्तीस पूर्णांक नऊ नोंदलं गेलं, तर नाही. सुरंगवण्याच्या आसपास एकशे एकेचाळीस बागायतदार होते आणि त्यांच्यावर किती ऊन पडलं हे ठरवणारं यंत्र एकच होतं, जगूआबा घाडींच्या कातळावरचं.

एकोणीस ते बावीस मार्च, असे चार दिवस उष्णतेची लाट आली. सुपारीएवढ्या झालेल्या कैऱ्या देठाशी काळ्या पडून गळाल्या. अकरा किलोमीटरवरच्या यंत्राने त्या दिवसांत एकोणचाळीसच्या वर नोंद केली. सुरंगवण्याच्या यंत्राचा सगळ्यात मोठा आकडा होता छत्तीस पूर्णांक चार.

गावाने तक्रार केली. म्हणून सोळा एप्रिलला मी तिथे उभी होते. चार वाजता रवळनाथाच्या देवळात बागायतदार जमणार होते. कृषी सहायक येणार होते. त्यांच्यासमोर माझा तपासणी अहवाल वाचून दाखवायचा, एवढंच काम होतं. निघताना कंपनीतले माझे वरिष्ठ पेडणेकर सर फोनवर म्हणाले होते, "सेन्सर ठीक असेल तर ठीक म्हणून लिही आणि मोकळी हो. गावकऱ्यांशी वाद घालू नकोस."

पायवाटेवरून मंदावैनी परब आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी खोचलेली, हातात कोयती. त्यांची साठ कलमं होती, आणि आंबा पेट्यांत भरायला वाडीतल्या आठ बायका दरवर्षी त्यांच्या पडवीत बसायच्या.

"काय गो, मिळालो काय ताप?" त्यांनी मला विचारलं.

"यंत्र बरोबर दाखवतंय, वैनी."

"बरोबर? एकोणीस तारखेक माझे कोंबडे उन्हान मेले. दोन. आनी तुझी मशीन म्हणता छत्तीस." त्यांनी यंत्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एसीत बसता काय गो ही? आमका पण सांग, आमी पण येवन बसतंव."

जगूआबा हसले. मी हसले नाही.

"राखणीची नेपाळी मानसां औंदा मार्चातच घराक गेली," मंदावैनी म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "राखूचा काय? आंबोच नाय. आठ बायको इचारतत, वैनी, कधी येव? काय सांगू? मशीन म्हणता उष्मो नाय झालो, घरी बसा?"

त्या गेल्यावर आबा म्हणाले, "तिचा तोंड तिखट. मन नाय तसा. तू बस हयसर, मी कोकमाचा पाणी आणतंय."

मी बसले नाही. यंत्राच्या खोक्याला लॅपटॉप जोडला आणि मार्चची सगळी नोंद उघडली. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा दाब. हा शेवटचा रकाना कोणी वाचत नाही. मीही कधी वाचला नव्हता. त्या दिवशी बाकी सगळे वाचून संपले म्हणून वाचला.

यंत्राची बॅटरी सौर पॅनेलवर भरते. ऊन चढलं की दाब चढतो, रात्री उतरतो. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. सतरा मार्चपर्यंत दात व्यवस्थित होते. अठरापासून ते बोथट झाले. बॅटरी दिवसासुद्धा भरेना. दोन एप्रिलला पुन्हा टोकदार.

वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत पॅनेलला ऊन मिळत नव्हतं.

दुसरा रकाना पाहिला. आर्द्रता. त्याच दिवसांत दुपारी बाराच्या सुमाराला ती एकदम वर जायची आणि तासाभराने उतरायची. रोज. जणू रोज बाराला त्या कुंपणापुरता पाऊस पडत होता.

मी लॅपटॉप मिटला आणि जमीन पाहिली. कुंपणाच्या चार कोपऱ्यांत, जांभ्यातल्या मातीत, मुठीएवढी चार भोकं होती. त्यांत ताजी माती भरून वर दगड बसवले होते. एका दगडाखाली माडाच्या झापाचा वाळका तुकडा अडकला होता.

आबा पितळी तांब्या आणि फुलपात्र घेऊन आले.

"आबा, इथे काही बांधलं होतं?"

"होय तर." त्यांचा चेहरा उजळला. "सांगूक इसारलंय. मांडव घातलेलंय मी."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?" त्यांनी हाताने कातळाच्या खालच्या अंगाला दाखवलं. तिथे गुडघ्याएवढी वीस-पंचवीस नवी कलमं होती आणि प्रत्येकावर माडाच्या विणलेल्या झापाचं छोटं छप्पर होतं. "पहिली दोन वर्सां कलमाक उन्हात सोडूचा नाय. जळता. ही तुझी मशीन पण गेल्या वर्साचीच ना? अठरा तारखेक हात लावन बगलंय, तर चटको बसलो. म्हटला, ह्या पोराक हयसर कोण आसा? मगे बांबू आणलंय, झाप घातलंय. दुपारी बाराक झापांवर पाणी शिंपडी होतंय, गार ऱ्हवाक. ता वर फिरता ना, वाऱ्याचा, तेका मधी भोक ठेवलंय. तेचा काम अडूक नको म्हणान."

यंत्राच्या माथ्यावर वाऱ्याच्या तीन वाट्या हळू फिरत होत्या.

"दोन एप्रिलाक वारो सुटलो, मांडव पडलो. मगे उष्मो पण कमी झालेलो, म्हणान परत घातलंय नाय." त्यांनी यंत्राच्या खोक्याकडे पाहिलं. "बॅटरी गेली काय गो? माझ्यामुळे काय मोडला?"

मी फुलपात्र हातात घेतलं. कोकमाच्या पाण्यात त्यांनी गूळ घातला होता, मीठ घातलं होतं, जिरं भरडून घातलं होतं.

"काही मोडलं नाही, आबा."

"मगे?"

मला वाटलं होतं की हे समजावून सांगणं अवघड जाईल. दोन वाक्यं लागली. या यंत्राला तापायलाच इथे ठेवलंय. त्याला जेवढं ऊन लागतं तेवढंच सरकारला कळतं.

आबा खाली बसले. कलमांकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची फळती बारा कलमं होती, तीही गळाली होती.

"म्हणजे गावाचा ऊन मी झाकलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"नाय."

"सांगायचं काम माझं होतं." ते खरंच होतं. सूचनांचा कागद इंग्रजीत होता, आणि तो मी त्यांच्या हातात देऊन सही घेतली होती.

"मगे आता?"

आता सोपं होतं, असं मी म्हणायला हवं होतं. नियमच होता की यंत्रावर अडथळा होता असं सिद्ध झालं, तर त्या दिवसांची नोंद बाद होते आणि जवळच्या यंत्राचे आकडे धरतात. अकरा किलोमीटरवरचं यंत्र म्हणत होतं अडतीस पूर्णांक सात, एकोणचाळीस पूर्णांक एक. चारही दिवस सदतीसच्या वर. मांडव अठरा तारखेपासून होता एवढं लिहिलं की गावाला भरपाई मिळत होती.

पण कंपनीच्या कपाटात आणखी एक कागद होता. तेवीस मार्चचा तपासणी अहवाल. 'यंत्राभोवती कोणताही अडथळा नाही.' सोबत फोटो, स्वच्छ, मोकळ्या यंत्राचा. खाली सही माझी, केतकी शिराळकर.

"आबा," मी म्हणाले, "मी तेवीस मार्चला इथे येऊन गेले असं लिहून दिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नाय इलंस."

"नाही."

"मी वाट बघी होतंय. म्हयन्याच्या तेवीसाक तू येतंस म्हणान. शाळा काढून ठेवलेलंय तुझ्यासाठी." शाळा म्हणजे शहाळं, हे मला तोवर कळायला लागलं होतं. "सांजेक मीच पिलंय."

लाट ओसरली होती, तरी त्या दिवशी कणकवलीत सदतीस अंश होतं. स्कूटरची सीट तापली होती, डोकं दुखत होतं. मी खोलीत पंख्याखाली पडून फेब्रुवारीतला फोटो घेतला, कोपऱ्यातली तारीख कापली आणि फॉर्म भरला. एका महिन्यात काय बदलणार, असं वाटलं होतं.

"कळला तर नोकरी जायत?" आबांनी विचारलं.

"जाईल बहुतेक."

"घरी कोण कोण आसा?"

"आई. धाकटा भाऊ शिकतोय."

 आबा तांब्या उचलून घरात गेले. मी कातळावर बसून कोरा अहवाल मांडीवर घेतला आणि तारीख सोडून काही लिहू शकले नाही.

चार वाजता देवळाचा मंडप भरला होता. पुरुष एका बाजूला, बायका खांबांच्या पलीकडे, मंदावैनी अगदी पुढे. कृषी सहायक टेबलावर वही उघडून बसले होते. मी उभी राहायच्या आधीच जगूआबा उठले. टोपी डोक्यावर, हात जोडलेले. ते घाडी होते. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता, त्यामुळे ते उठले की माणसं आपसूक गप्प बसायची.

"चूक माझी आसा," ते म्हणाले. "मशीनीवर मी मांडव घातलंय. नवीन कलमाक घालतंव तसो. पाणी पण शिंपडलंय. म्हणान ती गार रवली."

मंडपात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "घाड्यान मशीनीक बाशिंगा पण बांधली काय?" दोघं-तिघं हसले.

कृषी सहायकांनी पेन उचललं. "मांडव कधी घातलात?"

"तेवीस तारखेक," आबा म्हणाले. "सांजेक. ह्या चेडू सकाळी येवन, बघून, फोटो काढून गेला. तवा मांडव नव्हतो. ता गेल्यार मी घातलंय. तेचो काय दोष नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाक्य पाठ करून आल्यासारखे बोलले आणि खाली बसले.

मंदावैनी बोटांवर मोजत होत्या. "रवा, रवा," त्या म्हणाल्या. "उष्मो एकोणीसाक सुरू झालो. बावीसाक सरलो. मांडव तेवीसाक. मगे ते चार दिवस मशीन उगडीच होती." त्यांचा हात खाली आला. "म्हणजे आकडो खरोच. छत्तीस."

"तसंच होतं," कृषी सहायक म्हणाले. "मग नोंद बाद करायला कारण राहत नाही."

आबांच्या चेहऱ्यावर मी ते समजताना पाहिलं. मला वाचवायला त्यांनी जी तारीख निवडली होती ती गावाला बुडवत होती.  तारीख बदलली तर मी खोटी पडत होते. तशीच ठेवली तर एकशे एकेचाळीस घरं.

मी उठले. 

"आबांची तारीख चुकतेय," मी म्हणाले. "मांडव अठरा मार्चला घातला. बॅटरीची नोंद आहे, आर्द्रतेची नोंद आहे, मी दाखवते. अठरापासून दोन एप्रिलपर्यंत यंत्र सावलीत होतं."

कृषी सहायकांनी समोरचा कागद उलटा केला. "पण तुमचाच अहवाल आहे तेवीसचा. फोटोसकट."

"तेवीस तारखेला मी आले नव्हते. फोटो फेब्रुवारीतला आहे."

 पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"का नव्हता आलात?"

"ऊन होतं," मी म्हणाले. खरं उत्तर तेवढंच होतं.

मला वाटलं, आता लोक बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. मंदावैनी माझ्याकडे बघत होत्या. कोयती घेऊन कातळावर आल्या होत्या तेव्हा त्यांची नजर एवढी कठीण नव्हती. मी लॅपटॉप कृषी सहायकांसमोर ठेवला, ते बोथट दात दाखवले, नवा अहवाल लिहिला, सही केली. आबांनी खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही केली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

सभा मोडण्याआधी गाऱ्हाणं घालायची तिथली पद्धत होती. आबा पुन्हा उठले आणि गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बा रवळनाथा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आवाज फाटका होता. "आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा," पुरुष म्हणाले. सवयीने.

"पोराक उन्हात सोडू नये, येवढाच माका ठावक. म्हणान त्या मशीनीवर सावली केलंय, आनी गावाचा ऊन झाकलंय. मगे ह्या चेडवासाठी खोटा बोललंय, ता पण तुझ्या देवळात."

कोणी काही म्हटलं नाही.

"ह्या चेडवान खोटा लिवल्यान. आनी आज सगळ्यांच्या म्होरं खरा सांगल्यान. आमी दोघांय चुकलंव. आमची चूक पदरात घे. आनी गावार जा ऊन पडला, ता जसाच्या तसा सरकाराच्या कानार पडू दे रे म्हाराजा."

ते थांबले. गाऱ्हाण्यात या जागी सगळा गाव एका सुरात हुंकार भरतो. गावाने हुंकार दिला नाही, तर गाऱ्हाणं घाड्याचं एकट्याचं राहतं. मी खांबाला टेकून उभी होते. समईची वात दिसत होती, आबांची पाठ दिसत होती. सदऱ्यावर घामाचा मोठा डाग होता.

"व्हय म्हाराजा."

खांबांच्या पलीकडून, बायकांच्या बाजूने आवाज आला होता. मंदावैनींचा. बायकांनी तिथे हुंकार द्यायची पद्धत नव्हती. पुरुषांतल्या दोघांनी मान वळवून पाहिलं. मग एकाने म्हटलं, मग सगळ्यांनी.

बाहेर चपला घालताना वैनी माझ्याजवळून गेल्या. "म्हणजे खराच एसीत बसलेली," त्या म्हणाल्या, आणि न थांबता पायऱ्या उतरल्या.

माझी नोकरी मे महिन्यात गेली. पेडणेकर सर वाईट नव्हते. पत्रात त्यांनी कारण एका ओळीत लिहिलं, जास्त काही लिहिलं नाही. सुरंगवण्याची मार्चची नोंद बाद झाली, शेजारच्या यंत्राचे आकडे धरले गेले, आणि गणपतीच्या आधी भरपाई आली. हे मला पोस्टकार्डावर कळलं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. मी पुढे शिकले. आता कातळावरच्या उष्णतेवरच काम करते, आणि बॅटरीचा रकाना आधी वाचते.

तीन वर्षांनी, मार्चमध्येच, मी सुरंगवण्याला गेले. आबा थकले होते, पण मला यंत्र दाखवायला स्वतः निघाले. दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी काळी छत्री उघडली आणि ती माझ्या डोक्यावर धरली. स्वतः अर्धे उन्हात चालत होते. मी छत्री त्यांच्याकडे ढकलायची, ते परत माझ्याकडे. त्या वर्षीच्या कलमांवर झापांची छपरं होती. जुनी कलमं छातीएवढी झाली होती आणि उघडी होती.

"तुझ्यासाठी शाळा काढलंय," ते म्हणाले. "गेल्यार पिवया."

कुंपण दहा पावलांवर आलं तेव्हा आबा थांबले. त्यांनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग आमच्या सावलीकडे, ती कुठे पडतेय ते. मग छत्री मिटली, काखेत घेतली, आणि आम्ही दोघं उन्हातून यंत्रापर्यंत गेलो.